अंतराळातली लढाई आणि वाद्यवृंद : तुमच्या कानात कोणता प्रसंग राहिलाय?

तारकाधूळ

गेला आठवडाभर रोज रात्री एकच ध्वनिमुद्रण ऐकतेय. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या मालिकेतल्या 'द डूम्सडे मशीन' या भागाचं पार्श्वसंगीत. संवाद नाहीत, स्फोट नाहीत, नुसता वाद्यवृंद. हा भाग इतक्यांदा पाहिलाय की चित्र आपोआप डोळ्यांपुढे येतं. पण लहानपणी मला त्याची एवढी भीती का वाटायची, ते आत्ता कळलं.

१९६७ सालचा भाग. ग्रह गिळत सुटलेलं एक अजस्र यंत्र, त्याच्या तडाख्यात मोडून पडलेलं एक यान, आणि आपली सगळी माणसं गमावून बसलेला त्या यानाचा कमोडोर डेकर. टीव्हीच्या तेव्हाच्या तुटपुंज्या साधनांत बनवलेलं ते यंत्र आजच्या डोळ्यांना एखाद्या शंखासारखं दिसतं. भीती सगळी सॉल कॅप्लन यांच्या संगीतात आहे. खर्जात, एकमेकांना खेटून असलेले स्वर, पुन्हा पुन्हा तेच. न थकणारी, न विचार करणारी वस्तू चालत यावी तसे. 'जॉज' चित्रपटातल्या शार्कच्या त्या जगप्रसिद्ध दोन स्वरांना तेव्हा अजून आठ वर्षं होती.

शेवटी मालिकेचा नायक, कप्तान कर्क, त्या मोडक्या यानावर एकटा उरतो. तीस सेकंदांनी यान फुटणार, आणि त्याला परत ओढून घेणारी यंत्रणा नेमकी तेव्हाच बंद पडलेली. पडद्यावर काय आहे? खुर्चीत बसलेला एक माणूस आणि बटणांवर झुकलेली दोन-तीन माणसं. धावपळ नाही, मारामारी नाही. तरी श्वास अडकतो, कारण धावपळ वाद्यवृंद करतोय.

म्हणून हा धागा. मारधाडीच्या प्रसंगात संगीत कशासाठी असतं? वेग तर चित्रात दिसतोच. मला वाटतं, कोणाचं काय पणाला लागलंय हे त्यानं सांगायचं असतं. ते सांगितलं नाही तर ढोल कितीही बडवा, प्रसंग दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तुमचे प्रसंग लिहा. विज्ञानकथेच्या मालिकाच घेऊ या, चित्रपट नकोत. चित्रपटांबद्दल भरपूर लिहून झालंय आणि मालिकांचे संगीतकार नेहमी मागे राहतात.

खर्ज

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी ट्रॉम्बोन वाजवतो, त्यामुळे हा विषय माझ्या ओठांशी आणि फुप्फुसांशी थेट जोडलेला आहे.

माझा प्रसंग त्याच वर्षीचा, 'अमोक टाइम'. कर्क आणि त्याचा जवळचा सहकारी स्पॉक यांची मरेपर्यंतची लढत. संगीत जेराल्ड फ्रीड यांचं. ते स्वतः ओबो वाजवणारे होते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: वाद्य हातात धरलेला माणूस लिहितो तेव्हा प्रत्येक फुंकीला जागा ठेवतो. त्या लढतीच्या तुकड्यात ब्रास, म्हणजे तुतारी-हॉर्न-ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं, सतत ओरडतंय असं वाटतं, पण नीट ऐका. तुतारीचा आघात, मग लगेच मोकळी जागा, तिथं तालवाद्यं, परत आघात. ती मोकळी जागा वादकाला श्वासासाठी लागते आणि ऐकणाऱ्याला पुढच्या आघाताची वाट पाहण्यासाठी. दोन्ही गरजा एकाच विरामात भागतात.

सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे आधी मुद्रित केलेले सुटे स्वर, वापरून संगणकावर लिहिणारे बरेच जण इथंच चुकतात. संगणकाला दम लागत नाही, म्हणून ते दोन-दोन मिनिटं हॉर्नला वरच्या पट्टीत ठेवतात. खऱ्या वादकाचे ओठ एवढ्या वेळात निकामी होतात. आणि गंमत अशी की ऐकणाऱ्याचा कानही त्याच सुमारास बधिर होतो.

दुसरी गोष्ट. त्या काळी प्रत्येक भागासाठी नवं संगीत मुद्रित करणं परवडत नसे. ठरावीक भागांसाठी ते नव्यानं व्हायचं, आणि बाकीच्या भागांत संगीत-संकलक त्याच साठ्यातले तुकडे कापून बसवायचे. 'अमोक टाइम'ची लढत त्याच हंगामात पुन्हा ऐकू येते, उदाहरणार्थ 'द गेमस्टर्स ऑफ ट्रिस्केलियन'मध्ये. म्हणजे दोन मित्रांच्या लढतीसाठी लिहिलेली धून पुढे कुठल्याही हाणामारीची धून झाली. तारकाधूळ, तुमच्या म्हणण्याला हे उलटं उदाहरण आहे का? कारण दुसऱ्या ठिकाणीही ती चालते!

तारकाधूळ

खर्ज, श्वासाचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नसता.

धून दुसरीकडे चालते, मान्य. पण 'अमोक टाइम'मध्ये ती नुसती चालत नाही. त्या भागात आधी स्पॉकची बेचैनी बेस गिटारवर ऐकू येते. सगळ्या वाद्यवृंदात ते एकच वाद्य परकं वाटतं, स्पॉक त्या यानावर परका असतो तसं. ते ऐकून मग लढतीपर्यंत पोचलात की तुतारीच्या प्रत्येक घावाबरोबर पोटात तुटतं, कारण मारणारा आणि मार खाणारा दोघंही आपले. ट्रिस्केलियनवर तीच धून लागते तेव्हा मला फक्त जोर ऐकू येतो.

उलटगणती

मी छोट्या फिल्म्स आणि गेम्सना संगीत देतो. तुम्ही भावनेबद्दल बोलताय, मी जरा हिशेबाबद्दल बोलतो, कारण या कामात अर्धा दिवस हिशेबातच जातो.

चित्रफीत सेकंदाला २४ चौकटी धावते. लय मिनिटाला १२० ठोके धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे बरोबर १२ चौकटींचा. आता समजा, तुकडा सुरू झाल्यापासून साडेअकरा सेकंदांनी शत्रूचं यान कॅमेऱ्यासमोर येतं आणि तिथं मला पूर्ण वाद्यवृंदाचा आघात हवाय. साडेअकरा सेकंद म्हणजे २३ ठोके. चार-चारचे आवर्तन धरून चाललो तर २३ मध्ये पाच आवर्तनं बसतात आणि तीन ठोके उरतात. मग मी पाच आवर्तनं चारची घेतो आणि सहावं तीनचं. आघात सातव्या आवर्तनाच्या समेवर येतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही की एक ठोका गायब झाला. त्याला फक्त वाटतं की जमीन अचानक जवळ आली.

लढाईच्या संगीतात विषम मात्रा एवढ्या का भेटतात याचं निम्मं उत्तर इथं आहे. चित्र संगीताच्या आवर्तनात कापलेलं नसतं. संकलकानं आयत्या वेळी एक दृश्य दीड सेकंदानं छोटं केलं की माझे तीन ठोके गेले, आणि सगळी गणितं पुन्हा. मालिकेत हे शेवटपर्यंत चालतं. चित्रपटाच्या संगीतकाराला आठवडे मिळतात, मालिकेत पुढचा भाग दारात उभा असतो.

वादकांच्या कानात लय दाखवणारी क्लिक वाजत असते, समोर कंडक्टर, त्याच्यासमोर पडदा. वादक ते पान आयुष्यात पहिल्यांदा बघत असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ते कायमचं मुद्रित होतं. खर्ज, बरोबर ना?

खर्ज

अगदी बरोबर. आणि म्हणून स्वरलेखन स्वच्छ असणं ही वादकावरची मोठी मेहेरबानी आहे. चारची पानं चालू असताना मध्येच आलेलं ते तीनचं आवर्तन नकलनवीसानं ठळक लिहिलं नसेल तर पंचवीस जण एकदम पडतात.

पहाटवारा

मी जरा विरोधात बोलतो. राग मानू नका.

मला वाद्यवृंदाच्या लढायांचा कंटाळा आला होता. तुतारी वाजली की नायक जिंकणार, हे पाठ झालं होतं. मग 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पाहिली, २००३ सालची नवी. १९७८ च्या मूळ मालिकेसाठी स्टू फिलिप्स यांचं संगीत थेट लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकनं वाजवलं होतं, इतकी ती वाद्यवृंदाच्या भव्यतेवर उभी होती. नव्या मालिकेच्या निर्मात्यांनी तीच भव्यता टाळायची असं ठरवलं. सुरुवातीच्या लघुमालिकेला रिचर्ड गिब्ज आणि पुढे मालिकेला बेअर मॅक्रिअरी यांचं संगीत. जपानी तैको ढोल, आर्मेनियन दुदुक हे फुंकवाद्य, एरहू हे चिनी तंतुवाद्य, इलेक्ट्रिक व्हायोलिन. ब्रास जवळपास नाहीच.

'३३' हा पहिला भाग आठवा. दर तेहतीस मिनिटांनी हल्ला, पाच दिवस कुणाला झोप नाही. तिथं तुतारी वाजली असती तर सगळं खोटं झालं असतं. थकलेल्या माणसाच्या डोक्यात फक्त ठोके असतात.

आणि 'रिझरेक्शन शिप'च्या दुसऱ्या भागातली लढाई. लढाऊ वैमानिक ली अ‍ॅडामा यानाबाहेर फेकला गेलाय, अंतराळात तरंगतोय, त्याच्या पोशाखातून हवा गळतेय, आणि दूरवर दोन ताफे एकमेकांना जाळतायत. स्फोटांचे आवाज मागे पडतात. संगीत संथ. एवढी मोठी लढाई आणि तिला घाई नाही. मी टीव्हीवर याहून सुंदर लढाई पाहिलेली नाही.

तारकाधूळ

पहाटवारा, राग कसला? त्या संथ लढाईचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथं संगीत त्या लढाईचं नाहीच, तरंगणाऱ्या माणसाचं आहे. जगावं की नको अशा टोकावर तो पोचलाय आणि संगीत त्याच्या बाजूला बसून राहतं.

शिवाय मॅक्रिअरी यांनी वाद्यवृंद कायमचा टाळला नाही. पहिल्या हंगामाच्या अखेरीस 'पॅसाकॅलिया' येतो, निव्वळ तंतुवाद्यांचा आणि एका जुन्या पाश्चात्त्य रचनाप्रकाराचं नाव घेऊनच. मग हळूहळू तंतुवाद्यं वाढत जातात, आणि २००९ च्या 'डेब्रेक' या शेवटच्या भागात मोठा वाद्यवृंद आहे. इतकी वर्षं राखून ठेवलेली गोष्ट शेवटी खर्च केली, म्हणून ती एवढी लागते.

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिलिप्स यांची १९७८ ची धून नव्या मालिकेत 'फायनल कट' या भागात वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून ऐकू येते. जुनी मालिका त्या जगाची स्मृती झाली. मी तेव्हा उठून उभी राहिले होते.

कोमल_निषाद

वाचतोय कधीपासून. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' अजून कुणी कसं काढलं नाही? तिचे एक संगीतकार रॉन जोन्स यांच्याशिवाय हा धागा अपुरा आहे.

'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स', पहिला भाग, १८ जून १९९०. त्यातला शत्रू बोर्ग, म्हणजे हजारो देह आणि एकच मन. जोन्स यांनी त्यांना समूहस्वर दिला. एकाचा चेहरा नाही, सगळ्यांचा मिळून एक आवाज. याहून अचूक निवड सुचत नाही. शेवटच्या दृश्यात पडद्यावर कप्तान पिकार्ड येतो, पण तो पिकार्ड राहिलेला नसतो. त्याच्या हाताखालचा रायकर मारा करण्याचा हुकूम देतो. संगीत चढत चढत कड्यावर पोचतं आणि भाग संपतो. पुढचा भाग २४ सप्टेंबरला. मधले तीन महिने प्रेक्षक त्या अपुऱ्या स्वरावर लटकलेले.

ही मालिका प्रत्येक भागासाठी खराखुरा वाद्यवृंद बोलावून नवं संगीत मुद्रित करत होती. टीव्हीसाठी ही केवढी चैन आहे, याची कल्पना करा. जोन्स यांनी ४२ भाग केले, आणि १९९१ मध्ये चौथ्या हंगामाअखेर त्यांना थांबवलं गेलं. निर्माते रिक बर्मन यांना संगीत मागे, अंगावर न येणारं हवं होतं. जोन्स यांचं संगीत अंगावर येतं. मला ते तसंच हवंय.

पुढच्या हंगामांतल्या लढाया काढून बघा. चित्र अधिक चांगलं, यानं अधिक, आणि संगीत म्हणजे लांबच लांब ओढलेले स्वर. एकही धून गुणगुणता येत नाही.

मंद्र

कोमल_निषाद, जोन्सबद्दल पूर्ण सहमत. बाकीच्यांबद्दल मात्र थोडा न्याय करू या.

डेनिस मॅकार्थी आणि जे चॅटवे या संगीतकारांनी ती बंधनं पाळून वर्षानुवर्षं काम केलं. ठेका नको, ठळक धून नको, ब्रास बेताचं. त्या चौकटीत राहून मॅकार्थी यांनी 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेची शीर्षकधून लिहिली, एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवला; एकटी तुतारी, सीमेवरच्या एकाकी ठाण्यासारखी. चॅटवे यांची 'द इनर लाइट'मधली बासरी तर लोक आजही वाजवतात. ही माणसं धून लिहू शकत होती. लढाईत त्यांना ती लिहू दिली नाही.

आणि त्या धोरणामागे एक खरी चिंता होती. दर आठवड्याला, दर लढाईला संगीतानं टाहो फोडला तर तिसऱ्या महिन्यात प्रेक्षक दगड होतो. माझं मत विचाराल तर धोरण चुकलं, पण चिंता चुकीची नव्हती. पहाटवारा यांचा कंटाळा त्याच चिंतेचं दुसरं रूप आहे.

कोमल_निषाद

मंद्र, मान्य. चॅटवे यांच्यावर मी अन्याय केला. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'च्या शेवटच्या भागासाठी, 'एंडगेम'साठी, त्यांना एमी मिळाली, तीही २००१ मध्ये, बंधनं चालू असतानाच. तो भाग आज पुन्हा लावतो.

प्रश्नचिन्ह_दोन

मी संगीत शिकलेली नाही. एक साधा प्रश्न आहे. खरा वाद्यवृंद आणि संगणकातला, हे ऐकून ओळखायचं कसं? 'स्टारगेट एसजी-१' मला फार आवडते आणि कुणीतरी म्हणालं की त्यातलं बरंचसं संगीत खरं वाजवलेलंच नाही. जरा वाईट वाटलं.

उलटगणती

वाईट वाटून घेऊ नका. जोएल गोल्डस्मिथ यांनी त्या मालिकेसाठी दहा वर्षं मुख्यतः सिंथ (इलेक्ट्रॉनिक स्वर निर्माण करणारं वाद्य) आणि सॅम्पलवर काम केलं, आणि फार कौशल्यानं. त्यांना वाद्यवृंद आतून माहीत होता. वडील म्हणजे चित्रपटांचे संगीतकार जेरी गोल्डस्मिथ. सॅम्पलवर चांगलं लिहिण्यासाठी खरा वाद्यवृंद आधी कानात असावा लागतो.

ओळखायच्या खुणा सांगतो. एक, वेगानं तोच स्वर पुन्हा पुन्हा येतो तेव्हा ऐका. माणसाचे आठ आघात आठ तऱ्हेचे असतात. यंत्रात दोन-चार नमुने आलटून पालटून फिरतात आणि थोड्या वेळानं मशीनगनसारखं वाटू लागतं. दोन, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतानाची जागा. व्हायोलिनवाल्याचं बोट सरकतं, ते सरकणं ऐकू येतं. तीन, मोठ्या आघातानंतरची शांतता. खऱ्या खोलीत चाळीस माणसं असतात, खुर्च्या असतात, श्वास असतो. आघात विरताना ती खोली ऐकू येते.

मधला रस्ताही असतो. पाया सॅम्पलचा आणि वरून पाच-सहा खरे वादक. कानाला वरचा थर खरा मिळाला की तो खालचाही खरा मानतो. 'बॅबिलॉन ५'मध्ये ख्रिस्टोफर फ्रांके यांनी वेगळी जोडणी केली. ते टँजरीन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जर्मन गटातून आलेले, म्हणजे सिंथ ही त्यांची मायबोली, आणि जोडीला बर्लिनचा सिंफॉनिक फिल्म ऑर्केस्ट्रा. 'सेव्हर्ड ड्रीम्स'ची लढाई ऐका, १९९६ सालची. आपलीच माणसं आपल्यावर चालून आली आहेत, आणि संगीतात जल्लोष औषधालाही नाही.

प्रश्नचिन्ह_दोन

धन्यवाद! खोली ऐकायची, हे फारच आवडलं. आता सगळं पुन्हा ऐकणार.

साडेसात_मात्रा

विषम मात्रांचा विषय निघाला म्हणून आलो. 'डॉक्टर हू', बीबीसीची मालिका. तिच्या नायकाला डॉक्टर म्हणतात आणि त्याचे नट बदलत राहतात. २०१० मध्ये मॅट स्मिथचा डॉक्टर आला आणि मरी गोल्ड यांनी त्याच्यासाठी 'आय अ‍ॅम द डॉक्टर' लिहिलं. सात मात्रा. तबल्यावर रूपक वाजवणाऱ्याला सातचं घर ओळखीचं असतं, पण रूपक डुलतो आणि हे पळतं. आठवी मात्रा येईल म्हणून पाय टाकावा तर तिथं पुढचं आवर्तन सुरू झालेलं. डॉक्टर तसाच आहे, सगळ्यांच्या एक पाऊल पुढे, आणि स्वतःच्याच पायात पाय अडकेल असा धावणारा. उलटगणती म्हणतात तो चौकटींचा हिशेब इथं नाही. इथं सात हा स्वभाव आहे.

२००५ च्या पुनरागमनाच्या पहिल्या हंगामात गोल्ड यांच्याकडे मुख्यतः सॅम्पल होते. त्याच वर्षीच्या नाताळच्या खास भागापासून बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स आला. पहिला हंगाम आणि तो खास भाग लागोपाठ ऐकले तर खिडकी उघडल्यासारखं होतं.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर गुस्ताव्ह होल्स्टचा 'मार्स' लागतो, १९१४ साली लिहिलेला. पाच मात्रा. तंतुवाद्यांवर गज ओढत नाहीत, गजाच्या लाकडानं तारांवर मारतात. हाडांचा खडखडाट व्हावा तसा आवाज. यात सैनिक दिसत नाहीत, फक्त यंत्र चालून येतं. तारकाधूळ यांनी सांगितलेलं ग्रह गिळणारं यंत्र मला याच घराण्यातलं वाटतं.

जुनी_टेप

'डॉक्टर हू' निघालं आहे तर मनातली एक तक्रार मांडते. संगीत उत्तम, पण संवाद ऐकू येत नाहीत. मला एका कानानं कमी ऐकू येतं. लढाईच्या प्रसंगात पात्र काहीतरी महत्त्वाचं बोलतंय एवढं दिसतं आणि वाद्यवृंद ते गिळून टाकतो. तुम्ही सगळे संगीतावर प्रेम करणारे आहात, म्हणून तुम्हालाच विचारते, यावर उपाय नाही का?

उलटगणती

जुनी_टेप, आहे, आणि तो आम्हा लिहिणाऱ्यांच्या हातात बराचसा आहे. बोलण्यातला स्पष्टपणा, म्हणजे व्यंजनं ओळखू येणं, साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. स्फोट आणि इंजिनं खाली गडगडतात. पात्र बोलत असताना मी तुताऱ्या आणि वरच्या हॉर्नना भर मध्यावर ओरडायला लावलं तर ध्वनिमिश्रकाकडे एकच उपाय उरतो, सगळं संगीत खाली आणायचं. म्हणून संवादाखाली सेलो-बास आणि अगदी वर व्हायोलिनचा पातळ धागा ठेवायचा, मधली जागा माणसाच्या आवाजाला सोडायची. वाक्य संपलं की ब्रास. तंतू, ब्रास आणि तालवाद्यं वेगवेगळ्या थरांत मुद्रित करून दिली की मिश्रकाला नेमका अडथळा तेवढाच कमी करता येतो.

हे पाळलं जात नाही तेव्हा चूक ऐकणाऱ्याच्या कानाची नसते.

जुनी_टेप

इतकं नीट समजावलंत, आभारी आहे. संवादाखाली सेलो असलेले प्रसंग आता मुद्दाम शोधते.

मंद्र

एक नाव राहतंय. जपानी 'स्पेस बॅटलशिप यामातो', १९७४. संगीत हिरोशी मियागावा. एकीकडे छाती पुढे काढून चालणारं शीर्षकगीत, आणि दुसरीकडे अथांग अवकाशासाठी शब्दांविना एकट्या स्त्रीचा आवाज. लढाई या दोन्हींच्या मध्ये घडते.

२०१२ मध्ये ती मालिका 'यामातो २१९९' म्हणून नव्यानं झाली, तेव्हा संगीताची जबाबदारी हिरोशी यांचे चिरंजीव अकिरा मियागावा यांच्याकडे आली. वडील २००६ मध्ये गेलेले. जुन्या रचनांचं मूळ स्वरलेखन हाती नव्हतं, म्हणून अकिरा यांनी जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून एकेक वाद्य कानानं टिपून कागदावर उतरवलं, आणि वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलं.

मी हे वाचलं तेव्हा खूप वेळ गप्प बसून होतो. वडिलांनी तिसऱ्या हॉर्नला कोणता स्वर दिला होता हे शोधत एक मुलगा तीच फीत मागे नेतोय, पुन्हा ऐकतोय.

खर्ज

मंद्र, अंगावर काटा आला. तिसऱ्या हॉर्नचा स्वर गर्दीतून कानानं काढणं किती कठीण असतं हे सांगू शकत नाही. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये तो लपलेला असतो. आहे हे कळतं, कोणता ते कळत नाही.

पहाटवारा

काल रात्री 'द डूम्सडे मशीन' पाहिला. आधी चित्रासकट, मग तारकाधूळ यांच्यासारखा नुसता कानांनी.

तुतारी म्हणजे जिंकणं, असं मी वर लिहिलं होतं. तो शब्द मागे घेतो. डेकर एकटाच छोटं यान घेऊन त्या यंत्राच्या तोंडात जातो, तिथं ब्रास आहे आणि जिंकणं कुठंच नाही. मला ढोल आठवले नाहीत. ते तीस सेकंद तर दोनदा ऐकले. दुसऱ्या वेळी हातात घड्याळ धरलं होतं आणि बघायचं विसरलो.

तारकाधूळ

पहाटवारा, हे वाचून फार बरं वाटलं. त्याबदल्यात मी आज 'रिझरेक्शन शिप'चे दोन्ही भाग लावतेय, दिवे बंद करून.

मंद्र, 'यामातो'ची जुनी आणि नवी, दोन्हींतली पहिली लढाई शेजारी शेजारी ऐकायची आहे. खर्ज, तुम्हीही ऐका, आणि हॉर्नचं काय झालंय ते इथंच लिहा. मला तिसरा ओळखता येणार नाही, तुम्हाला येईल.